त्यांचे बोलणे पूर्ण ऐका: पेन्सिल्व्हेनियातील मराठी मतदारांना खुले पत्र

२० ऑक्टोबर २०२४

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील सर्व मराठी मतदार बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारी, १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहा वाजता, उपाध्यक्ष आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांची मुलाखत फॉक्स न्यूज या रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या वाहिनीवर दाखवण्यात आली. वाहिनीचे वृत्तनिवेदक ब्रेट बेअर यांनी घेतलेली ही मुलाखत अर्ध्या तासालाही थोडी कमीच आहे. त्या रात्रीपासून आपल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर तिचे वीस-तीस सेकंदांचे तुकडे फिरत आहेत. एका तुकड्याखाली कोणी लिहिते की बाईंना उत्तरच देता आले नाही, तर दुसऱ्या तुकड्याखाली कोणी लिहिते की त्यांनी मुलाखतकाराला गप्प केले. मी ती मुलाखत लागली तेव्हा पूर्ण पाहिली, शुक्रवारी रात्री पुन्हा पाहिली, आणि माझ्या मनात त्या बाईंविषयी जो आदर निर्माण झाला तो यांपैकी एकाही तुकड्यात बसत नाही. म्हणून हे पत्र.

मी हॅरिस यांची समर्थक आहे, हे आधीच सांगते. ते लपवून मी तटस्थतेचा आव आणणार नाही. परंतु समर्थक असूनही गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्या मुलाखती पाहताना माझा जीव अनेकदा टांगणीला लागला होता. २१ जुलैला अध्यक्ष बायडन यांनी माघार घेतली आणि निवडणुकीला अवघे साडेतीन महिने उरले असताना उमेदवारी हॅरिस यांच्याकडे आली. त्यानंतरची पहिली मोठी मुलाखत त्यांनी २९ ऑगस्टला सीएनएनच्या डाना बॅश यांना दिली, आणि तीही उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांना सोबत घेऊन. प्रश्नांना सामोरे जायचे त्या टाळतात, हा आरोप तेव्हापासून चिकटला आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ८ ऑक्टोबरला ‘द व्ह्यू’ या कार्यक्रमात तर अगदी स्नेहाच्या वातावरणात त्यांना विचारले गेले, की गेल्या चार वर्षांत बायडन यांच्यापेक्षा आपण काही वेगळे केले असते का. त्यावर तसे काही मनात येत नाही, असे त्या म्हणाल्या. ते उत्तर ऐकून मी कपाळाला हात लावला होता. अशा उमेदवाराने त्यानंतर आठच दिवसांनी, जिथे आपले कौतुक होण्याची सुतराम शक्यता नाही अशा वाहिनीवर जाऊन बसावे, ही गोष्ट मला धाडसाची वाटली.

ही मुलाखत आपल्याच राज्यात झाली, याची आठवण आपल्यापैकी अनेकांना नाही. बक्स काउंटीतील वॉशिंग्टन क्रॉसिंग हे ते ठिकाण. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी गोठत चाललेली डेलावेअर नदी सैन्यासह ओलांडली ती याच काठावरून. मुले लहान असताना आपण सगळ्यांनी त्यांना तिथे सहलीला नेलेले आहे. त्या दिवशी हॅरिस यांनी तिथे शंभराहून अधिक रिपब्लिकन समर्थकांसह सभा घेतली आणि तिथेच बेअर यांच्यासमोर त्या बसल्या.

पहिलाच प्रश्न स्थलांतराचा होता. आपल्या प्रशासनाच्या काळात किती बेकायदा स्थलांतरितांना देशात सोडण्यात आले, असा आकडा बेअर यांनी मागितला. दहा लाख की तीस लाख, असे त्यांनी पुन्हा विचारले. हॅरिस यांनी आकडा दिला नाही. माझ्या मते तो द्यायला हवा होता, निदान आकड्यांविषयीचा वाद काय आहे हे तरी सांगायला हवे होते, कारण प्रश्न रास्त होता आणि बेअर त्यांचे काम करत होते. परंतु त्यानंतर जे घडले ते मात्र नीट पाहण्यासारखे आहे. हॅरिस यांनी व्यवस्था मोडकळीस आलेली आहे हे मान्य केले आणि ती दुरुस्त करण्याविषयी त्या बोलू लागल्या, तर वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचा प्रश्न आला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मध्येच तोडले गेले. तेव्हा त्यांनी माझे बोलणे पूर्ण करू द्या, असे सांगितले. एकदा नव्हे, अनेकदा सांगितले. आपण जो मुद्दा काढलात त्याचेच उत्तर मी देत आहे आणि ते मला पूर्ण करायचे आहे, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य माझ्या कानात अजून आहे. त्यात चिडचिड नव्हती आणि अजिजीही नव्हती.

हे सोपे नसते. मंडळाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे होते. सभेत कोणी मध्येच तोडले की माणूस एकतर गप्प बसतो किंवा आवाज चढवतो, आणि आवाज चढला की मुद्दा बाजूला राहून चढलेल्या आवाजाचीच चर्चा होते. बाईमाणसाच्या बाबतीत तर ती जरा जास्तच होते. हॅरिस या दोन्ही टोकांना गेल्या नाहीत. तोडलेले वाक्य जिथे तुटले होते तिथूनच त्यांनी पुन्हा उचलले. १९९० साली ओकलंडच्या सरकारी वकील कार्यालयातून त्यांनी कामाला सुरुवात केली, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा वकील आणि कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्ता झाल्या. न्यायालयात समोरचा वकील हरकत घेतो, न्यायाधीश थांबवतात, आणि तरीही ज्युरीसमोर आपली मांडणी तुटू द्यायची नसते. ती शिस्त त्या संध्याकाळी स्पष्ट दिसत होती.

आता ते तुटलेले वाक्य कशाविषयी होते, हे मला आपणां सर्वांना सांगायचे आहे, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. शपथ घेतल्यानंतर काही तासांच्या आतच आमच्या प्रशासनाने काँग्रेससमोर जे पहिले विधेयक ठेवले ते स्थलांतर व्यवस्था दुरुस्त करण्याचे होते, असे हॅरिस सांगत होत्या. पायाभूत सुविधांच्या कायद्याच्याही आधी, संगणक-चिपच्या उत्पादनाला मदत देणाऱ्या चिप्स कायद्याच्याही आधी. गटावर फिरणाऱ्या तुकड्यांखाली या वाक्याला उत्तर टाळणे म्हटले गेले आहे. परंतु २०२१ च्या त्या नागरिकत्व विधेयकात काय होते, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांसाठी एका देशाला जास्तीत जास्त सात टक्के ही जी मर्यादा आहे, जिच्यामुळे भारतात जन्मलेल्या माणसाची रांग पिढीभर लांबते, ती मर्यादा काढून टाकण्याची तरतूद त्यात होती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी त्यात होती. आणि मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची झाली म्हणून आईवडिलांच्या रांगेतून बाहेर फेकली जाऊ नये, यासाठीचे संरक्षणही त्यात होते.

या वर्षीच्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून तयार केलेले जे सीमा विधेयक अडवले गेले, ज्याचा उल्लेख हॅरिस प्रत्येक सभेत करतात, त्यात सीमेवर पंधराशे जादा अधिकाऱ्यांची तरतूद होती, हे आपण बातम्यांत ऐकले. त्याच विधेयकात पाच वर्षांत अडीच लाख जादा व्हिसा होते आणि एच-वन-बी धारकांच्या मुलांचे संरक्षणही होते, हे मात्र बातम्यांत आले नाही. माजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला उघड विरोध केला आणि रिपब्लिकन सिनेटरांनी पाठ फिरवली.

ही मुलाखत पाहताना माझ्या शेजारी सोफ्यावर आमच्या मंडळातील एका कुटुंबातील मुलगी बसली होती. ती मला मावशी म्हणते. चार वर्षांची असताना ती पुण्याहून इथे आली, इथल्याच शाळेत शिकली, गणपतीत लेझीमच्या पथकात पुढे असते. या वर्षी तिला एकवीस वर्षे पूर्ण झाली. वडिलांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून रांगेत आहे, त्यामुळे आता तिला विद्यार्थी व्हिसावर राहावे लागते, जणू काल-परवाच परदेशातून शिकायला आली असावी. आय-२० चे, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते ते, कागद ती एका निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवते आणि ती फाइल त्या संध्याकाळीही तिच्या पिशवीत होती, कारण दुपारी ती विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन आली होती. हॅरिस त्या पहिल्या विधेयकाविषयी बोलू लागल्या आणि बेअर यांनी त्यांना थांबवले, तेव्हा ती पडद्याकडे पाहत एवढेच म्हणाली, “बोलू द्या ना त्यांना.” तिला मत देता येत नाही. आपल्याला देता येते.

त्याच भागात एक क्षण असा आहे, की तो पाहताना राजकारण विसरायला होते. बेकायदा आलेल्या माणसांकडून ज्यांच्या मुलींचे खून झाले त्या कुटुंबांचा विषय बेअर यांनी काढला आणि एका आईची साक्ष दाखवली. आपण या कुटुंबांची क्षमा मागाल का, असे त्यांनी विचारले. हे मृत्यू व्हायलाच नको होते, त्या कुटुंबांच्या दुःखाची मी कल्पनाही करू शकत नाही, असे हॅरिस यांनी म्हटले आणि त्या आईविषयी मनापासून दुःख व्यक्त केले. त्या पुढे जाऊन आमच्या सुरुवातीच्या काही निर्णयांत चूक झाली असे म्हणाल्या असत्या, तर मला अधिक बरे वाटले असते. त्या तसे म्हणाल्या नाहीत, लगेच विधेयकाकडे वळल्या, आणि त्या वळण्यात राजकारणी माणूस दिसला हे मी मान्य करते. परंतु ते दुःख व्यक्त करताना त्यांच्या आवाजात जो ठहराव होता, तो पाठ केलेला नव्हता.

मुलाखतीचा कळस माझ्या दृष्टीने त्यानंतरचा आहे. ट्रम्प यांच्या मागे निम्मा देश आहे, मग ही माणसे काय मूर्ख आहेत का, असा प्रश्न बेअर यांनी विचारला. हा सापळा होता आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन यांनी अशाच विषयात, ट्रम्प समर्थकांविषयी, एक अपमानाचा शब्द बोलून फार मोठी किंमत मोजली होती, हे आपल्याला आठवत असेल. हॅरिस यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की अमेरिकन जनतेविषयी मी असे कधीही म्हणणार नाही. मग त्यांनी विषय ट्रम्प यांच्या ‘आतले शत्रू’ या भाषेकडे नेला. त्याआधीच्या रविवारी, १३ ऑक्टोबरला, ट्रम्प यांनी फॉक्सच्याच मुलाखतीत अशा देशांतर्गत लोकांना गरज पडल्यास लष्कराकरवी आवरता येईल असे म्हटले होते. यावर बेअर यांनी ट्रम्प यांच्याच दुसऱ्या कार्यक्रमातील एक चित्रफीत दाखवली. तिच्यात ते मी कोणालाही धमकावत नाही, उलट माझ्याच मागे चौकशा लावल्या गेल्या, असे सांगत होते.

इथे बहुतेक उमेदवार गोंधळले असते. मुलाखत चालू असताना अचानक चित्रफीत लावली जाते, तिच्यात आपण जे म्हणालो त्याच्या उलट काहीतरी दिसते, आणि विचार करायला पाच सेकंदही मिळत नाहीत. हॅरिस यांनी अत्यंत सभ्य शब्दांत, बेअर यांच्याविषयीचा आदर बोलून दाखवत, सांगितले की आपण दाखवलेली चित्रफीत म्हणजे ते ज्याविषयी बोलले ते नव्हेच. मग त्या थांबल्या नाहीत. शांततेने निदर्शने करणाऱ्यांविषयी आणि मतभेद असणाऱ्यांना तुरुंगात टाकण्याविषयी ट्रम्प काय काय बोलले आहेत, हे त्यांनी एकेक करून मांडले आणि लोकशाहीत अध्यक्षाला टीका सहन करता आली पाहिजे, कोणाला तुरुंगात डांबण्याची भाषा न करता सहन करता आली पाहिजे, असे ठामपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी स्वतः बेअर यांनी आपल्या कार्यक्रमात कबूल केले, की दाखवायची होती ती चित्रफीत वेगळी होती आणि आपली चूक झाली. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले याबद्दल मी त्यांचेही कौतुक करते. परंतु ती चूक ज्या क्षणी झाली त्याच क्षणी, समोर बसून, बाईंनी पकडली होती. वकिली अंगात मुरलेली असल्याशिवाय आणि विषयाची पूर्ण तयारी असल्याशिवाय हे जमत नाही.

बायडन यांच्याविषयीच्या प्रश्नांवर त्या तितक्या भक्कम नव्हत्या. माझे अध्यक्षपद हे बायडन यांच्या अध्यक्षपदाची पुढची आवृत्ती नसेल, मी माझा अनुभव आणि नव्या कल्पना घेऊन येईन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ‘द व्ह्यू’मधल्या त्या उत्तरानंतर हे ऐकून मला हायसे वाटले. मात्र नव्या कल्पना कोणत्या, हे सांगण्याइतका वेळ मिळाला नाही किंवा त्यांनी घेतला नाही. बायडन यांच्या वयाचा आणि प्रकृतीचा प्रश्न त्यांनी, मतपत्रिकेवर बायडन नाहीत, ट्रम्प आहेत, असे सांगून परतवला.

आता आपल्या आपसातले एक बोलणे. हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन या मद्रासहून शिकायला बर्कलीला आल्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधक झाल्या, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले तेव्हा आपल्याला जो आनंद झाला, तसाच आनंद अनेकांना हॅरिस यांच्या उमेदवारीचा झाला आहे. तो मलाही झाला. परंतु केवळ आपल्या मुलखातल्या आईची मुलगी म्हणून मत द्या, असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि त्या मुलाखतीनंतर तसे सांगायची मला गरजही वाटत नाही. आपल्यापैकी बरेचजण ट्रम्प यांना मत देणार आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांपैकी काहींच्या घरी मी दर दिवाळीला फराळाला जाते आणि यंदाही जाईन. मूर्ख आहेत का, या प्रश्नाला हॅरिस यांनी जे उत्तर दिले तेच माझेही आहे. सत्तर लाखांहून अधिक लोकांनी ती मुलाखत पाहिली, त्यांत हॅरिस यांना कधीच मत न देणारे लाखो असतील, आणि त्यांच्याशीही बोलणे आपले कर्तव्य आहे असे मानणारी उमेदवार मला त्या खुर्चीत दिसली. मंडळाच्या गटावर गेल्या काही आठवड्यांत जी भाषा वापरली गेली, त्यात माझ्या बाजूच्या लोकांचीही भाषा आली, ती पाहता आपल्यालाही यातून काही घेता येईल.

माझी विनंती साधी आहे. ज्यांचे मत अजून ठरलेले नाही त्यांनी ती मुलाखत सलग पाहावी, तुकडे पाहू नयेत. शक्य असल्यास घरातल्या तरुण मुलांसोबत पाहावी. पाहून झाल्यावर ज्यांना हॅरिस पटणार नाहीत त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

या राज्याकडे निर्वाचक मंडळाची १९ मते आहेत. २०१६ साली इथला निकाल सुमारे ४४ हजार मतांनी ट्रम्प यांच्या बाजूने लागला आणि २०२० साली सुमारे ८० हजार मतांनी बायडन यांच्या बाजूने. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या चार काउंट्यांमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. मतदार नोंदणीचा शेवटचा दिवस उद्या, सोमवार, २१ ऑक्टोबर आहे. टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज २९ ऑक्टोबरपर्यंत करता येतो. यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि मतदान ५ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे सणाच्या गडबडीत मतपत्रिका टेबलावर पडून राहण्याची भीती आहे. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालावी, मग बाहेरच्या पाकिटात. बाहेरच्या पाकिटावर सही करावी आणि त्याच दिवसाची तारीख घालावी, जन्मतारीख नव्हे. ती ५ तारखेच्या रात्री आठ वाजेपर्यंत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पोहोचलेली असावी लागते, नुसती टपालात पडलेली चालत नाही. ज्यांना या कामी मदत हवी असेल त्यांनी मला मंडळाच्या गटावर कळवावे. मत कोणालाही देणार असलात तरी मी येईन. ती निळी फाइलवाली मुलगीही माझ्यासोबत येणार आहे. गाडी ती चालवणार आहे.

आपली स्नेहांकित,
मॉन्टगोमेरी काउंटीतील एक मराठी मतदार